घरातले फोटो आणि कागदपत्रं ऑनलाइन ठेवायची आहेत, कोणती सेवा घेऊ?

चिपळूणहून एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे. २२ जुलै २०२१च्या पुरात त्यांच्या घराचा तळमजला पाण्याखाली गेला आणि माळ्यावर होतं तेवढंच वाचलं. वाचलेले जुने फोटो, यजमानांच्या डायऱ्या, घराजमिनीची कागदपत्रं त्यांनी पुढे स्कॅन करून घेतली. फोनमधले नातवंडांचे फोटो आणि व्हिडिओ धरून सगळं १८० जीबीच्या घरात जातं. गुगलची फुकटची १५ जीबी जागा भरली आहे आणि मेल येणं बंद होईल अशी सूचना रोज झळकते. फोन अँड्रॉइडचा, लॅपटॉप विंडोजचा, मुलगा जर्मनीत. कोणती सेवा घ्यावी, फुकटात भागेल का, आणि आधार, पॅन, खरेदीखत असं काही इंटरनेटवर ठेवणं सुरक्षित आहे का, असं त्यांनी विचारलं आहे.

बाई, आधी सरळ उत्तर देतो. तुमचा फोन आणि मेल दोन्ही गुगलवर आहेत, तेव्हा गुगलचीच जागा विकत घ्या. १०० जीबीला वर्षाला साधारण तेराशे रुपये आणि २०० जीबीला एकवीसशेच्या आसपास पडतात. भाव बदलतात, घेताना पाहून घ्या. तुम्हाला २०० जीबीचा प्लॅन लागेल. जोडीला एक टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या आणि वर्षातून दोनदा सगळ्याची प्रत तिच्यावर उतरवा. अगदी नाजूक कागदांसाठी कुलूपबंद फोल्डर करा, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

हे असंच का, ते समजून घेतलंत तर उद्या कुणी दुसरी स्वस्त सेवा सुचवली तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल. गेली वीसेक वर्षं मी पुण्यात दवाखाने, छोटी ऑफिसं, फोटो स्टुडिओ आणि घरं यांच्या डेटाची व्यवस्था लावतो. लोक सेवा निवडतात ती किती जीबी आणि किती रुपये यावर. पण जागा कमी पडली म्हणून कुणी रडवेल्या चेहऱ्याने माझ्याकडे येत नाही. चुकून डिलीट झालेलं असतं, खातं उघडत नसतं, कंपनीने सेवा गुंडाळलेली असते, नाहीतर ज्यांचं खातं होतं ते माणूस गेलेलं असतं. म्हणून कुठल्याही सेवेबाबत मी आधी एवढंच तपासतो की ठेवलेलं परत कसं मिळेल, आणि कंपनी मदतीला आली नाही तरी मिळेल का.

पैसे भरण्याआधी दोन ढीग करा. एका ढिगात पुन्हा मिळू शकणाऱ्या गोष्टी आणि दुसऱ्यात गेल्या की गेल्याच अशा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपयांत पुन्हा काढता येतो. नोंदणी झालेल्या दस्ताचा इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदीचा गोषवारा, नोंदणी विभागाकडून मिळतो. आधार, पॅन, वाहन परवाना डिजिलॉकरमध्ये थेट त्या-त्या खात्याकडून येतात आणि अशा प्रतींना मूळ कागदाइतकीच कायदेशीर मान्यता आहे. डिजिलॉकरमध्ये स्वतः चढवलेल्या स्कॅनला मात्र ती मान्यता मिळत नाही आणि त्यासाठीची जागाही जेमतेम एक जीबी आहे. त्यामुळे ते सरकारी कागदांपुरतंच वापरा, फोटोंचा प्रश्न तिथे सुटणार नाही.

दुसऱ्या ढिगात यजमानांच्या डायऱ्या, जुने फोटो, हाताने लिहिलेली जुनी पत्रं. हा ढीग आकाराने लहान असतो. १८० जीबीमधला फार तर वीस-तीस जीबी असेल. उरलेल्यात व्हॉट्सॲपवर आलेले सुप्रभात संदेश, एकच व्हिडिओ चार ग्रुपमधून चारदा उतरलेला, खिशात असताना बटण दाबलं जाऊन निघालेले फोटो असं पुष्कळ निघेल. व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता गुगलच्या त्याच जागेत धरला जातो; २०२४पर्यंत तो वेगळा आणि फुकट होता. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये बॅकअपमधून व्हिडिओ वगळण्याची सोय आहे, ती लगेच वापरा. गुगलच्या स्टोरेज पानावर मोठ्या फायली वेगळ्या दाखवतात, तिथून सुरुवात केलीत तर एका दुपारी बरीच जागा सुटेल. रोजची सूचना तेवढ्याने थांबेल आणि पुढचं शांतपणे करता येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. बहुतेक ऑनलाइन सेवा मुळात सिंक करतात. सिंक म्हणजे सगळीकडे एकसारखं ठेवणं. फोनवर फोटो आला की तो वर जातो, आणि फोनवरून पुसला की वरूनही पुसला जातो. बॅकअप म्हणजे मूळ पुसलं गेलं तरी राहणारी वेगळी प्रत. जाहिरातीत दोन्हीला बॅकअपच म्हणतात आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

सांगलीचं एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. घरातल्या मोठ्या मुलीच्या लग्नाचे फोटो आजींच्या फोनमध्ये होते. फोन भरला, नवे फोटो निघेनात, म्हणून भाच्याने मदत केली. फोटोंचं ॲप उघडलं, पहिल्या फोटोवर बोट दाबून धरलं, तसंच खाली ओढत नेऊन सगळे निवडले आणि कचऱ्याच्या डब्याच्या चिन्हावर टेकवलं. ‘क्लाउडवर आहेतच की,’ असं तो म्हणाला आणि त्या समजुतीत तो अगदी प्रामाणिक होता. काही मिनिटांत टॅबवरून, कॉम्प्युटरवरून, सगळीकडून फोटो गेले. कुणाला पत्ता नव्हता, कारण रोज उठून लग्नाचे फोटो कोण बघतं? दिवाळीला पाहुणे आले तेव्हा शोधाशोध झाली. तोवर ट्रॅशची, म्हणजे पुसलेलं काही दिवस जिथे राहतं त्या डब्याची, मुदत उलटून गेली होती. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेले काही हाती लागले, तेही आकाराने आक्रसलेले. बाकीचे गेले ते गेलेच.

गुगल फोटोजमध्ये यासाठी दोन वेगळी बटणं आहेत. ‘जागा मोकळी करा’ हे बटण वर सुरक्षित पोचलेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत काढतं. ‘डिलीट’ दोन्हीकडची काढतं. घरात ज्या-ज्या हाती तुमचा फोन जातो, त्या प्रत्येकाला हा फरक एकदा करून दाखवा. आणि ट्रॅशच्या मुदती लिहून ठेवा: गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, गुगल ड्राइव्हमधली फाइल ३० दिवस, ॲपलच्या आयक्लाउडवर आणि मायक्रोसॉफ्टच्या घरगुती वनड्राइव्हवरही ३०. ड्रॉपबॉक्सच्या साध्या प्लॅनवर ३०, वरच्या प्लॅनवर १८०. घरगुती फोटोंच्या बाबतीत चूक लक्षात यायला महिने जातात, त्यामुळे तीस दिवस ही मुदत फार अपुरी आहे. वर्षातून दोनदा हार्ड डिस्कवर उतरवा म्हणतो ते यासाठीच. नंतर वर काय पुसलं गेलं याच्याशी कपाटातल्या त्या डिस्कचा काही संबंध नसतो.

तुमच्या लॅपटॉपवर विंडोज ११ असेल तर आणखी एक गोष्ट आजच बघा. सुरुवातीच्या सेटअपमध्ये ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर परस्पर वनड्राइव्हमध्ये नेतं, आणि वनड्राइव्हची फुकट जागा फक्त पाच जीबी. ती भरली की पुढच्या फायली वर जाणं थांबतं. वैतागून कुणी वनड्राइव्ह बंद केलं की डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि घरात हलकल्लोळ होतो. फायली बहुधा वनड्राइव्हच्या आतल्या डेस्कटॉप फोल्डरमध्ये किंवा वेबसाइटवर असतात. फाइलच्या शेजारी निळा ढग दिसला तर ती फक्त वर आहे, लॅपटॉपमध्ये नाही. हिरवी बरोबरची खूण असेल तर इथेही आहे. लॅपटॉप विकण्याआधी किंवा फॉरमॅट करण्याआधी ही चिन्हं वाचणारा माणूस जवळ पाहिजे.

दुसरी अडचण खात्यात शिरता न येण्याची. ही मी हल्ली सगळ्यात जास्त पाहतो आणि तुमच्या वयाच्या लोकांना तिचा फटका मोठा बसतो. खातं उघडताना दिलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो, पासवर्ड नातवाने टाकलेला असतो, फोन पाण्यात पडलेला असतो. आपल्याकडे बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या खात्याची चावी अनोळखी माणसाच्या खिशात. तेव्हा खात्यातला नंबर चालू आहे ना, ते वर्षातून एकदा तपासाच. मुलाचा ईमेल पर्यायी पत्ता म्हणून घाला. आणि गुगलच्या सुरक्षा पानावरून बॅकअप कोड काढा. आठ-आठ आकड्यांचे दहा कोड मिळतात. फोन हरवला, ओटीपी येत नाही, अशा वेळी यांतला एक वापरून आत जाता येतं. एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर छापा, एक प्रत बँकेच्या पासबुकांबरोबर ठेवा, दुसरी बहिणीकडे किंवा जवळच्या माणसाकडे. मुलगा सुट्टीवर येऊन त्याचं भारतातलं सिम बदलून गेला असेल तर त्याचंही हेच काम करून घ्या. परदेशात इथल्या नंबरवरचा ओटीपी न आल्याने अडकलेली पोरं मी कितीतरी पाहिली आहेत.

खातं कंपनीनेच बंद केल्याचीही उदाहरणं आहेत. अमेरिकेत एका वडिलांनी आजारी बाळाचे फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढले, ते आपोआप वर गेले, यंत्राने ते आक्षेपार्ह ठरवले आणि गुगलने खातं बंद केलं. पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवलं तरी खातं परत मिळालं नाही. २०२२ साली ही बातमी जगभर गाजली. असं क्वचितच होतं. पण झालं तर मेल, फोटो, फोन नंबरांची यादी एकदमच जाते, कारण सगळं एकाच खात्याला बांधलेलं असतं. सगळं गुगलवर ठेवा म्हणताना ही एक जोखीम तुम्ही घेता, आणि तिच्यावर उपाय पुन्हा तीच घरातली डिस्क. वापरात नसलेल्या खात्यांचा नियमही लक्षात ठेवा: दोन वर्षं अजिबात न उघडलेलं गुगल खातं कंपनी पुसून टाकू शकते. स्कॅन चढवण्यासाठी वेगळं खातं काढून विसरून जाऊ नका.

कंपनी सेवाच बंद करेल का? करतात. उबुंटू वनने २०१४ साली फायलींची सेवा बंद केली, कॉपी नावाची चांगली चाललेली सेवा २०१६च्या मे महिन्यात गेली, ॲमेझॉन ड्राइव्ह ३१ डिसेंबर २०२३ला बंद झाली. गुगल फोटोजने २०१५मध्ये ‘अमर्याद, फुकट’ म्हणून सुरुवात केली आणि १ जून २०२१पासून ती सवलत काढली. वनड्राइव्हची फुकट जागा १५ जीबीवरून पाचवर आली. जागेसाठी डिस्क लागते, वीज लागते, माणसं लागतात. कुणीतरी त्याचे पैसे भरतच असतं, आणि ते भरणं थांबलं की नियम बदलतात. म्हणून एकदा पैसे भरा आणि जन्मभर वापरा अशा योजनांपासून मी घरगुती ग्राहकांना लांब ठेवतो. जन्मभर म्हणजे कंपनीच्या जन्मभर. वर्षाची वर्गणी बरी: दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी अजून हेच हवं आहे का, हा विचार आपसूक होतो.

मोठ्या कंपनीकडे ठेवलं म्हणजे आगीपुराची भीती संपली, असंही समजू नका. दक्षिण कोरियात डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला सप्टेंबर २०२५मध्ये आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींची साठवण, तब्बल ८५८ टेराबाइट, त्यात नष्ट झाली, कारण तिची दुसरीकडे प्रतच ठेवलेली नव्हती. गुगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट एकाच ठिकाणी ठेवत नाहीत, त्यांच्या प्रती वेगवेगळ्या जागी असतात. तरीही नोव्हेंबर २०२३मध्ये गुगल ड्राइव्हच्या कॉम्प्युटरवरच्या ॲपमध्ये दोष निघाला आणि काहींच्या अलीकडच्या फायली दिसेनाशा झाल्या. पुढे गुगलने त्या परत मिळवण्याची सोय दिली. फोटोग्राफर लोकांत एक नियम रूढ आहे, पीटर क्रो या छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. तुमच्याकडे लॅपटॉप, डिस्क आणि गुगल मिळून तो पुरा होतो. डिस्क मात्र तळमजल्यावर ठेवू नका. २०२१ला चिपळूणच्या वाचन मंदिरातल्या पुस्तकांचं काय झालं हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं आहे. वरच्या मजल्यावर, हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. कोकणातली दमट हवा पावसाळाभर काम करत असते.

बाकीच्या सेवांबद्दल थोडक्यात. घरात आयफोन असेल तर आयक्लाउड, त्यात वाद नाही. फुकट पाच जीबी म्हणजे काहीच नाही, पण विकतचा प्लॅन उत्तम चालतो. तुम्हाला अँड्रॉइडवर त्याचा उपयोग नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५चा फॅमिली प्लॅन सहा जणांना प्रत्येकी एक टीबी देतो, वर्ड-एक्सेल वापरणाऱ्या घरात तो हिशेबाला स्वस्त पडतो. ड्रॉपबॉक्सचं तंत्र आजही चोख आहे, मोठ्या फाइलमधला बदललेला भागच तो वर पाठवतो, पण फुकटात दोन जीबी आणि तीनच उपकरणं, आणि विकतचं महाग. घरच्या फोटोंसाठी मी सुचवणार नाही. जिओने ऑगस्ट २०२४मध्ये १०० जीबीपर्यंत मोफत जागेची घोषणा केली होती. दुसरी प्रत म्हणून वापरायला हरकत नाही, एकमेव प्रत म्हणून नको. मेगा आणि प्रोटॉन ड्राइव्ह यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे फाइल तुमच्या यंत्रावरच कुलूपबंद होऊन वर जाते आणि कंपनीलाही उघडता येत नाही. ज्याला खासगीपणा सर्वांत महत्त्वाचा त्याने तिकडे जावं. पण पासवर्ड आणि त्याबरोबर दिलेली रिकव्हरी की, दोन्ही हरवलं तर कंपनीही काही करू शकत नाही. नातवंडांचे फोटो या अटीवर ठेवणं मला जिवावरचं वाटतं.

तोच मुद्दा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचा. गुगलवर फायली चोरांपासून चांगल्या सुरक्षित असतात, पण कुलपाची किल्ली गुगलकडे असते. फोटोंना ते चालतं. खरेदीखत, मृत्युपत्राचा मसुदा, बँकेची कागदपत्रं, आधारची प्रत यांच्यासाठी क्रिप्टोमेटर नावाचं, फायलींना कुलूप लावणारं ॲप वापरा. कॉम्प्युटरवर ते मोफत आहे. ड्राइव्हच्या आत एक फोल्डर बनतं, त्याला तुमचा पासवर्ड, आणि आत टाकलेली प्रत्येक फाइल वेगवेगळी कुलूपबंद होऊन वर जाते. एका मोठ्या बंद डब्यात सगळं कोंबणारी साधनंही आहेत, पण त्यात एक कागद बदलला की अख्खा डबा पुन्हा चढवावा लागू शकतो, आणि मध्येच लाइट गेले तर डबा बिघडण्याची भीती. पासवर्ड बॅकअप कोडच्याच कागदावर लिहा. घराच्या कपाटात चिठ्ठी सापडण्याचा धोका इथे पासवर्ड विसरण्याच्या धोक्यापेक्षा फार लहान आहे. आणि हॉटेलवाल्याला, एजंटला ओळख म्हणून द्यायला मास्क केलेलं आधार वेगळं ठेवा, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

मुलाला जर्मनीतून हे सगळं दिसावं अशी तुमची इच्छा असेल. गुगलचा विकतचा प्लॅन घरातल्या आणखी पाच जणांबरोबर वाटून घेता येतो, पण फॅमिली ग्रुपमधले सगळे एकाच देशातले असावे लागतात. त्याने खात्याचा देश जर्मनी केला असेल तर तो बसणार नाही. त्याने बिघडत नाही. एक फोल्डर करून त्याच्याशी शेअर करा. इथे जागेचा हिशेब नीट समजून घ्या: गुगल ड्राइव्हमध्ये फाइल ज्याने चढवली त्याच्या खात्यातली जागा जाते, फोल्डर कुणाचंही असो. ड्रॉपबॉक्सवर तेच फोल्डर सगळ्या सभासदांची जागा खातं. महत्त्वाच्या गोष्टी तुम्हीच तुमच्या खात्यातून चढवा. मुलाने त्याच्या ऑफिसच्या किंवा विद्यापीठाच्या खात्यात ‘तिथे भरपूर जागा आहे’ म्हणून काही ठेवलं असेल तर आधी ते बाहेर काढायला सांगा. विद्यापीठांना मिळणारी गुगलची अमर्याद जागा २०२२पासून संपली, आणि नोकरी सुटली की ऑफिसचं खातं त्याच संध्याकाळी बंद होतं.

चढवण्याच्या वेळेचा अंदाज: घरच्या ब्रॉडबँडचा अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर १८० जीबी जायला सलग वीस तास. प्रत्यक्षात तीन-चार रात्री धरा. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर हेच करायचं तर चार महिने लागतील, त्या वाटेला जाऊ नका. लॅपटॉप चार्जरला लावून, स्लीप बंद करून रात्री सोडा. फोटोंसाठी ‘मूळ दर्जा’ निवडा. ‘स्टोरेज सेव्हर’ १६ मेगापिक्सेलवरचे फोटो आणि मोठे व्हिडिओ लहान करतं. फोनच्या रोजच्या फोटोंना ते चालेल, स्कॅनना नको.

परत उतरवण्यासाठी गुगल टेकआउट नावाची सोय आहे. मागणी नोंदवली की काही तासांनी किंवा दिवसांनी झिप फायलींच्या लिंक येतात. आकार ५० जीबी निवडा, म्हणजे चारेक फायलींत काम होईल. लिंक आठवडाभरच चालते, तेव्हा आल्या दिवशी उतरवून घ्या. फोटोशेजारी त्याच नावाची जेसन फाइल येते, ती कचरा समजून टाकू नका. ॲपमध्ये तुम्ही बदललेली तारीख किंवा लिहिलेली ओळ फोटोत नसते, ती त्यात असते. जुन्या स्कॅनच्या बाबतीत याचा त्रास होतो: कॅमेऱ्याची तारीख स्कॅनच्या दिवसाची असते, १९७८ साल तुम्ही ॲपमध्ये घातलेलं असतं आणि उतरवताना ते मागे राहतं. म्हणून साल, ठिकाण आणि माणसांची नावं फाइलच्या नावातच घाला. साल आधी, आणि आकडे सगळीकडे एकाच लिपीत, मराठी तर मराठी, नाहीतर क्रम लागताना गोंधळ होतो. नावं फार लांबवू नका. देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, आणि उद्या मुलाने घरात लिनक्सवर चालणारी साठवण घेतली तर २५५ बाइटच्या मर्यादेत पंच्याऐंशीच चिन्हं बसतील. काना, मात्रा, अनुस्वारही त्यात मोजले जातात.

तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलं आहे की शाळेच्या स्मरणिकेचे लेख जुन्या कॉम्प्युटरवर श्रीलिपीत आहेत. बाई, हे काम आधी करा. त्या फायलींत मराठी अक्षरं मुळात नसतात, रोमन अक्षरं आणि खुणा असतात, आणि श्रीलिपीचा फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. ती फाइल ड्राइव्हवर टाकून फोनवर उघडली की अर्थहीन चिन्हांची ओळच्या ओळ दिसते, आणि शोधून तर काहीच सापडत नाही. फाइल सुखरूप, मजकूर गेल्यात जमा. जोवर तो जुना कॉम्प्युटर चालतो आहे तोवर प्रत्येक लेखाची पीडीएफ काढून घ्या, फाँट आत समाविष्ट होईल असं बघून. मग युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर मराठी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या. बदलणारी साधनं मिळतात, पण पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं यांत चुका राहतात, एकदा नजर घालावीच लागते. दुसरी वाट अशी की ती पीडीएफ गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्सने उघडायची. ते पानावरचं मराठी ओळखून युनिकोडमध्ये मजकूर देतं, छापील अक्षरांचं बरंच बिनचूक. डायऱ्यांच्या हस्ताक्षराला मात्र ही युक्ती फारशी लागू पडणार नाही, त्यांच्या प्रतिमाच जपायच्या.

आणखी एक गोष्ट, जी विचारायला लोक संकोचतात. आपल्यामागे हे कुणाच्या हाती लागणार? गुगलमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खातं तीन ते अठरा महिन्यांपैकी तुम्ही ठरवाल तेवढा काळ वापरलं गेलं नाही, तर तुम्ही नेमलेल्या माणसांना, दहा जणांपर्यंत, कळवलं जातं आणि तुम्ही परवानगी दिलेला भाग त्यांना उतरवून घेता येतो. मेल द्यायचे नाहीत, फोटो द्यायचे, असंही ठरवता येतं. मुलाचं नाव घाला, मुदत सहा महिने ठेवा. आयफोनवाल्यांसाठी ॲपलने २०२१च्या डिसेंबरपासून अशीच सोय ‘लेगसी काँटॅक्ट’ नावाने दिली आहे, तिला मृत्यूचा दाखला लागतो. बाहेर गेलेल्या मुलांचे वडील अचानक गेले आणि फोनच्या पॅटर्नपाशी आयुष्यभराचे फोटो अडून राहिले, अशी घरं मी पाहिली आहेत. हे दहा मिनिटांचं काम आहे.

सुरुवात या क्रमाने करा. आधी बॅकअप कोड आणि मुलाचा ईमेल. मग जागा विकत घ्या, आणि कार्डाची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहा. वर्गणी चुकून जागा जास्त भरलेली राहिली तर नवे मेल येणं थांबतं. आधी डायऱ्या आणि जुने फोटो चढवा, नातवंडांचे व्हिडिओ नंतर. डिस्कवर पहिली प्रत उतरली की ती डिस्क शेजाऱ्यांच्या किंवा भाचीच्या कॉम्प्युटरला लावा आणि डायरीची चार-दोन पानं, एखादा व्हिडिओ आणि क्रिप्टोमेटरमधलं खरेदीखत तिथे उघडतंय का बघा. काही अडलं तर पडद्यावर काय लिहून आलं ते जसंच्या तसं कळवा.